वेशीपाशी वळणारी वरात

सुकेशनीचा धंदा म्हणजे गर्दी हाकण्याचा. ताडकळसच्या पुढच्या एका खेड्यात, पत्र्याच्या खोलीत बसून ती पुण्याच्या एका स्टुडिओसाठी अ‍ॅनिमेशनमधली माणसं चालवते. टॅबलेटवर पेनानं रेघ ओढली की पडद्यावरची शेकडो माणसं त्या रेघेनं निघतात. गोल काढला की घोळका करतात, रेघ पुसली की जागच्या जागी उभी राहतात. एवढं ऐकणारं माणूस आपल्या घरात एकही नाही, असं तिची आई गीताबाई म्हणते, आणि म्हणताना नवऱ्याकडं बघते.

परवा तिनं एक वरात करून पाठवली. चित्रातलं गाव साधंच: वेस, समोर पार, पाराच्या पलीकडं नवरदेवाचं घर, मधून सरळ रुंद रस्ता. लगेच स्टुडिओतल्या राजेश्री मॅडमचा फोन आला.

"अगं, ही वरात वेशीतून आत येते आणि एकदम उजवीकडं वळते. रस्ता मोकळा असताना पाराला वळसा कशाला?"

नाचता येईना अंगण वाकडं, तसं सुकेशनीनं आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. ते बिचारं रेघ नेईल तिकडं जाणारं. तिनं रेघ पुसून नवी ओढली. वरात पुन्हा उजवीकडं वळली. तेव्हा कुठं तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं.

तिच्या गावात बौद्ध वस्तीतली प्रत्येक वरात वेशीपाशी उजवीकडं वळते आणि ओढ्याच्या वाटेनं घरी येते. काकाची तशीच आली, चुलतभावाची तशीच आली. कुठं पाटी लावलेली नाही, कुणी मनाई केलेली तिला आठवत नाही. तिकडूनच जायचं असतं, एवढंच. तिला लाज वाटली, मग राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

वडील सिताराम, शाळेतले निवृत्त शिपाई, दारात चहा पीत बसले होते. रविवारी धाकट्याचं, बुद्धभूषणचं लग्न होतं. वरातीची वाट कुणी ठरवली नव्हती, कारण ती ठरवावी लागतच नाही.

"आबा, आपली वरात पारावरून का जात न्हाई?"

"वढ्याकडून जवळ पडतंय."

"लय लांब पडतंय, आबा."

सितारामांनी कप खाली ठेवला. तिनं त्यांच्यासमोरच रेघ पुसली आणि हात आवरून सरळ ओढली. वरात नाचत पारासमोरून गेली. सिताराम वाकून बघत होते, कपातल्या चहावर साय धरली तरी.

"ह्यात कुणी आडवं येत न्हाई का?"

"आपण काढलं तरच येतंय."

"पुन्ना लाव," ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी नवरानवरीची जीप वेशीत आली. पुढं बँड, बँडच्याही पुढं फेटा बांधलेले सिताराम. वाटेबद्दल त्यांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. बँडवाले सवयीनं उजवीकडं वळले, मागोमाग जीप वळली, बायका वळल्या. सुकेशनीचेही पाय वळले. थोडं पुढं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.

सिताराम वळले नव्हते. ते एकटेच पाराकडं सरळ चालले होते. पारावर गावातले वजनदार किशनराव आपल्या मंडळींसोबत बसले होते. त्यांचं बोलणं थांबलं. सितारामांनी मागं वळून बघितलं नाही. सुकेशनी पळत गेली आणि बापाच्या शेजारी चालू लागली.

मागं बँड मधेच बंद पडला. त्या अरुंद वाटेत जीप मागं घ्यायला बराच वेळ गेला. तोवर बापलेक पारासमोर उभेच होते. मग बाजा पुन्हा सुरू झाला, वेशीकडून.