विटाळाचा शिरका

डोणगावच्या आमच्या घरी दर साली जांभळाचा शिरका व्हायचा आणि त्याचा तोरा सासूबाई मिरवायच्या. पिकली जांभळं कुस्करायची, रस गाळून चिनी मातीच्या बरणीत भरायचा, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायचा. वरून काही घालायचं नाही. रस आपला आपणच फसफसतो, आधी दारूसारखा चढतो, मग हवा खात खात आंबट होत जातो. गावात कुणाचं पोट दुखलं की वाटी घेऊन माणूस आमच्याच दारात.

मी लग्न होऊन आले त्या साली सासूबाईंना जास्तीची काळजी सुचली. विटाळशीची सावली पडली की शिरका नासतो, ही त्यांची पक्की समजूत, आणि घरात तर नवी सून. म्हणून त्यांनी फडकं न बांधता बरणीवर झाकण ठेवलं आणि भोवतीनं कणीक लिंपून टाकली. कणकेला भेग पडली की पुन्हा लिंपायच्या. मी मेहकरची, माझी आईही शिरका करायची. मी म्हटलं, त्याला वारा लागतो, असा कोंडू नका. झालं! नवी सून तोंड उघडते म्हणून सगळं घर माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागलं.

श्रावणात झाकण काढलं तर भपकन दारूचा वास. तेव्हा वऱ्हाडावर नागपूरचं सरकार आणि त्याची दारूबंदी. घरात दारू सापडली की आबकारीचा शिपाई अंगणात उभा. सासरे घाबरून दारं लावत फिरले. सासूबाईंनी मात्र जागच्या जागी निकाल दिला.

"हिचीच सावली पडली. भाऊबीजेले माहेरी जाशीन, तं तिकडंच राह्य."

नवरा खाली मान घालून पानाला चुना लावत बसला होता. आग लागो त्या पानाला! मला माझी पर्वा नव्हती. पण असा डाग घेऊन मी माहेरी परतले असते, तर पाठच्या बहिणीचं चिखलीत जमलेलं लग्न मोडलं असतं. तिनं काय घोडं मारलं होतं कुणाचं?

दुसऱ्याच दिवशी मला कावळा शिवला. मी परसात गोठ्याच्या कडेला बाहेरची बसले होते, तेवढ्यात सासूबाई बरणी उराशी धरून उकिरड्यावर ओतायला निघाल्या. ओझं जड, म्हणून दम खायला त्यांनी ती वाटेत खाली ठेवली. मी उठले आणि दोन्ही हातांनी बरणीला मिठी मारली.

"लावा आता हात," मी म्हटलं. "मले पाहू द्या कोन लावते ते."

कोण लावणार? बरणी आता विटाळली होती. त्यांचाच नियम त्यांच्या गळ्यात पडला होता. लुगड्याचा पदर टरकावला, बरणीच्या तोंडाला बांधला आणि ती माझ्या शेजारी उन्हात ठेवली.

माझे दिवस सरले, मी न्हाऊन घरात गेले. बरणी परसातच राहिली. मी रोज जाऊन वास घ्यायची. हळूहळू वर साय धरली, दारूचा वास ओसरला, आणि दसऱ्याच्या सुमाराला असा झणका नाकात गेला की डोळ्यांत पाणी आलं. अस्सल शिरका!

शेजारची बाई वाटी घेऊन आली, तर सासूबाई म्हणाल्या, यंदा नाही. मी परसातून ओरडून सांगितलं, आहे म्हणून. मात्र ज्याला दिला त्याला आधी सांगितलं, की हा माझ्या विटाळातल्या हातचा आहे, चालत असेल तर न्या. काही माघारी गेले, बरेचसे घेऊन गेले. पोटात कळ उठल्यावर सोवळं कुठवर सांभाळणार माणूस? मग सासूबाईंनी तडजोड काढली, गोमूत्र शिंपडून बरणी आत घ्यायची.

मी म्हटलं, "तुमच्या लेखी तो बाटला, तं बाटलाच राहू द्या. माह्या लेखी तो चोखा हाय."

दिवाळीचा फराळ सासूबाईंच्या पोटाला बाधला. मी तेव्हा पुन्हा बाहेरची बसले होते. त्या पोट धरून परसात आल्या, लांबूनच वाटी जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. म्हणजे मी वरून ओतायचं, शिवायचं नाही. मी हललेच नाही. वाटी हातात धरा, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं; पण कळ मोठी होती. वाटी उचलून पुढं केली. मी त्यांचं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि वाटी भरली.

त्यांनी तोंड वाकडं करून एका दमात पिऊन टाकला. आता वळतील, अंघोळीला जातील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्या तिथंच भिंतीला टेकून माझ्या शेजारी बसल्या. वाटी पदरानं पुसत त्यांनी विचारलं.

"भाऊबीजेले गेल्यावर वापस कधी येशीन?"

"मले वाटन तवा."

आणि त्या साली बहिणीचं लग्न लावून, तिची पाठवणी करून, माहेरात जीव भरेस्तोवर राहूनच मी आले.