साहेबाच्या तळावरची सातवी झोपडी

हस्तीमलजींची आणि माझी पहिली भेट जालन्याच्या सरकारी वस्तानिया शाळेत, म्हणजे मधल्या शाळेत झाली. मी तिथे गणित शिकवीत असे. चैत्रातली दुपार होती. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणे अशा वेशात ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि नमस्कार-चमत्कार होण्याआधीच त्यांनी विचारले, "गुरुजी, दुपारी तुमच्या वर्गात किती पोरं पेंगतात?" मी म्हणालो, निम्मी. "बराबर," असे म्हणून ते आल्या पावली निघून गेले. कापसाच्या अडतीचे धनी, मोंढ्याच्या बाजारात ज्यांचा शब्द चाले, त्यांना माझ्या वर्गातल्या पेंगणाऱ्या पोरांशी काय कर्तव्य होते? त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. गौरवग्रंथाच्या मंडळाने मला त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला सांगितले आहे. ते मी लिहीनच. पण हस्तीमलजींचे जे काही चांगले मला कळले ते सारे संशयाच्या वाटेने कळले, त्याला माझा इलाज नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे गेले की डोंगराची एक सोंड लागते. तिच्यावर ‘साहेबाचा तळ’ आहे. जालन्याला गोऱ्यांची छावणी होती त्या काळी तिथले अधिकारी उन्हाळ्यात या तळावर येऊन राहत. दगडी चौथऱ्यांवर गवताने शाकारलेल्या सात झोपड्या, एक विहीर आणि एक भटारखाना, एवढाच पसारा. छावणी उठली तसा तळ ओस पडला. वासे लोकांनी चुलीला नेले, चौथऱ्यांवर निवडुंग माजले. हस्तीमलजींनी ती जागा सरकारकडून मागून घेतली आणि सांगितले की तळ पुन्हा उभा करून दर उन्हाळ्यात शाळेतल्या मुलांना महिनाभर तिथे नेऊन ठेवणार. जालन्यात कोणाचाही विश्वास बसला नाही. गोऱ्यांनी जाताना काहीतरी पुरून ठेवले आहे आणि त्याचा कागद शेठजींच्या हाती लागला आहे, असे मोंढ्यात बोलले जाऊ लागले. मलाही तेच पटले, आणि मुलांबरोबर तळावर राहायला त्यांनी मास्तर म्हणून मला विचारले तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

पहिल्या वर्षी गवंड्यांनी सातही झोपड्यांची दारे पूर्वेला काढली. दार पूर्वेलाच असायचे, त्यात विचारायचे काय? उन्हाळा लागताच त्या झोपड्यांच्या भट्ट्या झाल्या. मुले दिवसभर विहिरीच्या थारोळ्यात, म्हणजे मोटेच्या पाण्याच्या कुंडात, पाय सोडून बसत. तेव्हा करीमचाचा काठी टेकीत वर आले. ते गोऱ्यांच्या वेळी तळावर खानसामा होते. छावणीबरोबर बाकीचे गेले, हे एकटे पिंपळगावात राहिले. दारांकडे बघून ते तोंडाला पदर लावल्यासारखे हसले. "शेठ, साब लोगां के दरवाजे पच्छिम को थे. हवा उधरसेच आती. दरवाजे में वाळे की टट्टी, टट्टी पे पानी. आप तो हवा को पीठ देको बैठे."

"मंग आधी का न्हाई सांगितलं, चाचा?"

"किसीने पूछाइच नहीं."

हस्तीमलजींनी त्याच दिवशी सातही झोपड्यांच्या पश्चिमेच्या भिंती फोडायला लावल्या. पिंपळगावातली माणसे टेकडी चढून बघून गेली. "जमिनीत गावलं न्हाई, आता भिंतीत शोधून राह्यले," एक शेतकरी माझ्या कानाशी लागून म्हणाला, आणि मी गंभीरपणे मान डोलावली.

पुढचे सगळे काम करीमचाचांच्या आठवणीवर झाले. गवताचा थर किती हात जाड असावा, आढ्याला दोर कुठून फिरवावा, विहिरीचा पाट कोणत्या झोपडीच्या मागून जात होता, हे सारे त्यांनाच ठाऊक. चाचा खाटेवर बसून काठीने दाखवीत आणि हस्तीमलजी, एवढे मोठे अडते, मान उंच करून प्रत्येक वाशाकडे बघत, "अस्सं का? का असं?" विचारीत. तिसऱ्या उन्हाळ्यात तळ जसा होता तसा उभा राहिला. भर वैशाखात आत गेले की दारात टांगलेल्या टट्टीच्या, म्हणजे पडद्याच्या, ओल्या वाळ्याचा वास येई आणि पाच मिनिटांत डोळे मिटत. पुरलेले काहीच निघाले नाही, याचे मला खरे तर वाईट वाटले होते.

तळाची शिस्त हस्तीमलजींची होती. स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. पाणी दोनदा फडक्यातून गाळायचे. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी जेवण आटोपायचे. मोरी ते स्वतः झाडीत, आणि झाडताना एखादी मुंगी दिसली की झाडू थांबवून तिला जाऊ देत. जालन्याच्या मारवाडी घरांतली बहुतेक मुले त्या भटारखान्याच्या भरवशावरच तळावर पाठवली जात. एकदा एका मुलाने लपवून आणलेला लसूण सापडला. ते रागावले नाहीत. त्यांनी तो पाल्याच्या पुडीत बांधून त्याच्या दप्तरात ठेवला आणि "घरी जाऊन खा" म्हणाले. इतका स्वच्छ माणूस पाहिला की मला स्वस्थ बसवत नाही. पाणी कुठेतरी मुरत असणारच.

त्यातच अमीनसाहेबांचे, म्हणजे तालुक्याच्या पोलीस अंमलदाराचे, बोलावणे आले. निजामाच्या राज्यात तेव्हा चार माणसे एकत्र बसली तरी परवानगी लागे, आणि इथे तर तीस पोरे डोंगरावर गाणी म्हणत होती. "मास्टर, तुम वहाँ रहते ना? हर हफ्ते लिखको देव. जो देखे सोइच लिखना." माझी नोकरी सरकारी. मी हो म्हणालो. लपवून काय करू? मला ते काम जडही गेले नाही. जी नजर मी फुकट ठेवत होतो ती आता सरकारसाठी ठेवायची, एवढाच फरक होता. आज हे लिहिताना कान गरम होतात.

त्याच सुमारास करीमचाचा दिसेनासे झाले. विचारले तर हस्तीमलजी "बीमार आहेत" एवढेच म्हणत आणि विषय बदलत. सातव्या झोपडीला कुलूप लागले. ती टोकाला, बाकीच्यांपासून लांब होती. "तिथं पोरांचं काम न्हाई," असे त्यांनी बजावले होते. दुपारी मुले निजली की पिंपळगावचा एक माणूस टेकडीच्या पायथ्याशी फडक्याने बांधलेले मडके ठेवून जाई. हस्तीमलजी स्वतः खाली उतरत, मडके दोन्ही हातांत लांब धरत, तोंड दुसरीकडे वळवत आणि पाऊल जपून टाकत सातव्या झोपडीत नेत. परत आल्यावर विहिरीवर डोक्यावरून आंघोळ करीत. हे मी सात दिवस पाहिले. भांड्याकडे तोंड न करता चालणारा माणूस कशाला भितो? माझ्या मते त्याचे एकच उत्तर होते, बारूद. मी त्या आठवड्याच्या कागदावर उर्दूत लिहिले: सातव्या झोपडीला कुलूप असते, शेठ रोज दुपारी झाकलेले मडके आत नेतात, मडक्यात काय ते दिसले नाही.

कागद दिल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन वर आले. हस्तीमलजी नुकतेच मडके घेऊन आत गेले होते. शिपायाने दार ढकलले. आत खाटेवर करीमचाचा होते, हाडांचा सापळा झालेले. त्यांच्या उशाशी हस्तीमलजी मडके तिरके करून वाटीत काहीतरी ओतीत होते. अमीनसाहेबांनी वाकून वास घेतला. "ये तो यखनी है!" ते म्हणाले. ते मटणाचे पाणी होते. हकिमाने चाचांना दुसरे काही पचणार नाही असे सांगितले होते, गावात त्यांचे करणारे कोणी नव्हते, आणि तळावर उघड आणावे तर तीस घरांचा भरवसा मोडला असता. कांद्याचा वास आला तर तोंड फिरवणारा माणूस रोज ते मडके हाताने उचलून आणीत होता.

"शेठ, मैं बोल्या था ना, मेरे को मरने देव," चाचा पुटपुटले.

"थंडं व्हायच्या आत प्या," हस्तीमलजी म्हणाले. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही.

अमीनसाहेबांनी कपाळाला हात लावून सलाम केला आणि ते उतरून गेले. मी झोपडीबाहेर उभा होतो.

शिपायांची तोंडे कोण धरणार? आठ दिवसांत गोष्ट जालन्यात पोहोचली. हस्तीमलजींच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना बोलावले, आणि तळावरचा मास्तर म्हणून मलाही. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांना शेठजींना वाचवायचेच होते. त्यांतल्या सर्वांत वृद्ध गृहस्थांनी विचारले, "मडकं नोकरानं उचललं ना, हस्तीमल? तसं म्हणा, बिलकुल मिटून जाईल."

"म्या उचललं. रोज."

"नोकर न्हवता का तिथं?"

"व्हता ना. पण पाप त्यानं करायचं अन् स्वच्छ म्या राह्यचं, हे बराबर न्हाई."

मग ठरले की हस्तीमलजींनी प्रायश्चित्ताचे उपास करावेत आणि म्हाताऱ्याला तळावरून हलवावे. उपास त्यांनी केले, सांगितले त्याहून जास्त केले. म्हाताऱ्याला हलवले नाही. ही बातमी पोलिसांना कोणी दिली, असेही त्या बैठकीत कोणीतरी विचारले. मी खालच्या सतरंजीची दशी ओढत राहिलो. हस्तीमलजींनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "त्याचं काय करायचं आता? गेल्तं ते गेलं."

पुढच्या उन्हाळ्यात तीसपैकी चार मुले आली. सात झोपड्या आणि चार मुले. तळ बंद पडणार हे सर्वांनाच दिसत होते. हस्तीमलजी पायी निघाले, पिंपळगावपासून आसपासच्या वाड्यांपर्यंत, शेतकऱ्यांच्या पोरांना मागायला. तिथेही संशयच. "शेठ आपली पोरं फुकट नेऊन काय करून राह्यला?" एक आजी मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमी सरकारी मानूस. तुमी खरं सांगा. ह्या मानसावर इस्वास ठेवावा का न्हाई?" साऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न त्यांनी नेमका मलाच विचारावा! मी म्हणालो, "ठेवा. मी तिथं असतो." त्या वर्षी वीस-बावीस पोरे आली, अनवाणी, हातात भाकरीची फडकी घेऊन. तळ वाचला. अमीनसाहेबांना मी ‘तब्येत बरी नसते’ असे कळवून कागद देणे थांबवले. करीमचाचा आणखी दोन वर्षे जगले. पश्चिमेच्या दारामुळे त्यांना खाटेवरूनच नमाज पढता येई.

वाड्यांवरची पोरे आली त्याच वैशाखात माझी पत्नी बाळंत झाली आणि तिला ताप चढला. जालन्याच्या आमच्या खोलीवर पत्रे होते. एका सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली, तीत वाळ्याची नवी टट्टी आणि ती बांधायला दोन माणसे, हस्तीमलजींनी पाठवलेली. पत्नी आणि मूल दोन्ही वाचले. मी मात्र आठ दिवस त्या टट्टीकडे बघत बसलो होतो. यांना कळले आहे का? हा इशारा तर नाही? माझ्या या स्वभावाला मी काय म्हणू?

या लेखाच्या निमित्ताने गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि इतक्या वर्षांनी सांगून टाकले की तो कागद माझा होता. हस्तीमलजी चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले.

"ठाऊक हाय. अमीनसाहेबानं त्याच सांजेला बोलावून दाखवला व्हता. मला उर्दू येते, गुरुजी."

"मग मला तळावर ठेवलंत कसं?"

"तुमच्या मनात बारूद व्हती. सात दिवस मला तुमच्या तोंडावर दिसून राह्यली व्हती. पण कागदावर काय लिहिलं? काय ते दिसलं न्हाई. दुसरा कोणी असता तर त्यानं बारूदच लिहिली असती, अन् माझी पोरं त्या दिवशी बंदुकीम्होरं उभी राह्यली असती. असा मानूस मी सोडतो का?" मग ते म्हणाले, "पण वाईट वाटलं. न्हाई कसं म्हणू? लई दिवस तुमच्याशी बोलायचं जिवावर यायचं."

"आणि ती वाळ्याची टट्टी?"

"तुमच्या मंडळींनी माझं काय केल्तं?"

मी तिथे रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण क्षमा मी त्या दिवशी मागितली नाही. मागितली असती तर "राहू द्या, गुरुजी" म्हणून त्यांनी विषय संपवला असता, आणि आम्ही दोघेच ते जाणत राहिलो असतो. त्यांना मात्र चार लोकांत उभे राहून उत्तर द्यावे लागले होते, तेव्हा मी गप्प होतो. म्हणून ज्यांच्या हाती हा ग्रंथ पडेल त्या सर्वांसमक्ष सांगतो: तो कागद मी लिहिला होता. मंडळाने लेखातले दुसरे काहीही कापावे, हे वाक्य कापू नये. हस्तीमलजी, मला क्षमा करा. घाई मुळीच करू नका. त्यासाठी लागेल तेवढे, शंभरीच्याही पुढचे निरोगी आयुष्य आपणांस लाभो.