आईची पानं आणि अण्णांची दुसरी वेलांटी

घरात तिला सगळेच आई म्हणत. लेक म्हणायची ते ठीकच, पण लेकीचं ऐकून ऐकून नवराही म्हणू लागला. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सुनेला नावाने हाक मारायचा संकोच वाटे. नात झाली आणि 'चिमणीची आई' म्हणायची त्यांची कायमची सोय झाली. तेव्हा आपणही तिला आईच म्हणू.

आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळी सात ते दुपारी तीन. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळी भरली की तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची: नाव, तारीख, वेळ. चिठ्ठी नसलेली नळी सरळ फेकून द्यायची, असा तिथला नियम. बावीस वर्षांत तो तिच्या हाडीमाशी खिळला होता. "तारीख नाही ती गोष्ट बेवारशी," असं ती म्हणायची, आणि आपल्या घरातलं काहीही बेवारशी राहू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायची.

सुरुवात कागदी वहीने झाली. लेक जन्मली तेव्हा जाड पुठ्ठ्याची वही, डिंक, कात्री आणि रंगीत कागद आले. लेक रांगली, त्याचं पान. लेकीने भिंत चाटली, त्याचंही पान. होता होता अकरा वह्या झाल्या. बाराव्या वहीसाठी आईने नवऱ्याच्या अवजारांचा कप्पा मागितला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. अवजारांना पोटच्या पोरांसारखं जपणारा. त्याने हातच जोडले. "आई, तू हे सगळं कम्प्युटरवर कर ना बाई! तिथे कपाटं भरत नाहीत."

त्याने जुना लॅपटॉप आणि जुना स्कॅनर आणून दिला, आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कपाटाची मर्यादा होती तोवर आईला निवड तरी करावी लागे. आता तेही उरलं नाही. महिन्याभरात ती पार्श्वभूमी बदलायला शिकली, चौकटी शिकली, कोपरे गोल करायला शिकली. स्कॅनरवर तिने काय काय ठेवलं नाही! बसची तिकिटं, तुटलेलं बटण, लेकीचा पडलेला दात, एकदा तर धुवून वाळवलेला मोजा. प्रत्येक पानावर एक मथळा, तारीख, वेळ, आणि खाली दोन ओळी. 'नळ तिसऱ्यांदा गळला.' 'बाबांची चप्पल शिवून आली.' 'सोफा दारातून आत येईना, चाळीस मिनिटं.' या सोफ्याच्या पानावर नऊ फोटो होते. शेवटच्यात सोफा आत आणि नवरा बाहेर, अडकलेला.

"आई, लोक समुद्राचे फोटो लावतात," एकोणीस वर्षांची लेक कपाळाला हात लावून म्हणे. "तू सोफ्याचे लावतेस!"

"समुद्र कुठे जात नाही गं. आपला सोफा मात्र जुना होईल."

या सगळ्यात अण्णांचं काम वेगळंच होतं. अण्णांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या खोक्यावरची चूक सापडली तरी त्यांचा दिवस आनंदात जाई. सुनेची पानं म्हणजे तर त्यांना घरबसल्या मेजवानी. रोज संध्याकाळी पाचला, चहा झाला की ते चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसत, पेन्सिल हातात. पडद्यावर पेन्सिलीने काही लिहिता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण पेन्सिलीशिवाय त्यांना वाचताच येत नसे.

"चिमणीची आई, 'पिशवी'ला पहिली वेलांटी."

"अण्णा, पिशवी फाटली ते बघा ना. वेलांटीचं काय घेऊन बसलात?"

"पिशवी शिवता येईल. हे असंच राहिलं तर पुढच्या पिढ्या हसतील."

आई तोंडाने कुरकुर करी आणि हाताने दुरुस्त करी.

मग एके दिवशी सकाळी दाढी करता करता अण्णा खाली बसले. अर्ध्या गालाला फेस तसाच. दवाखान्यात वेळेवर नेलं, जिवावरचं निभावलं. हात आठवड्यात हलू लागला, पाय पंधरा दिवसांत. पण शब्द गेले. समोरचं बोललेलं त्यांना बरंचसं समजे, सांगायचं काय तेही डोक्यात असावं. ते तोंडापर्यंत पोहोचत नसे. तोंडातून एकच शब्द यायचा: "शनिवार." पाणी हवं, शनिवार. पंखा लावा, शनिवार. चिमणीला बघून डोळे भरून आले, तरी शनिवारच. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द सरळ केले, त्याची ही गत. चूक झालेली त्यांना कळायची, आणि मग ते मूठ आवळून भिंतीकडे तोंड करून बसत.

त्या दिवसांत आईने एकही फोटो काढला नाही. मोबाइल हातात घ्यायची, अण्णांकडे बघायची आणि खाली ठेवायची. नवऱ्याला हे जास्त भीतिदायक वाटलं. "तू फोटो काढत नाहीस म्हणजे काहीतरी फारच वाईट झालंय असं वाटतं," तो म्हणाला.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी अण्णांना बोलण्याच्या उपचारासाठी न्यायचं ठरलं. दवाखान्याच्या तळमजल्यावर छोटी खोली, एक गोल टेबल, भिंतीवर आरसा. उपचार करणारी मुलगी तिशीची, हसतमुख, आवाज शांत. नवऱ्याने तिचं नाव ठेवलं 'बोलकी मॅडम.' तिने अण्णांपुढे एकेक चित्र ठेवलं. हत्ती. विमान. सफरचंद. अण्णांनी हत्तीकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि चित्र एका बोटाने हळूच परत सरकवलं. तीन मंगळवार हेच. चौथ्या वेळी त्यांनी सगळा गठ्ठाच सरकवला.

आईला राहवेना. "मॅडम, रागावू नका, पण हत्ती बघून यांना काय करायचंय? यांनी उभ्या जन्मात हत्तीला कधी हाक मारलेली नाही."

मॅडम रागावली नाही. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "घरातल्या वस्तूंचे फोटो मिळाले तर फार बरं. रोजच्या वापरातल्या. पण लोकांकडे ते नसतात हो. सगळ्यांकडे लग्नाचे नाहीतर सहलीचे असतात. बादलीचा फोटो कोण काढतं?"

आई खुर्चीत सरळ झाली. "बादलीचे माझ्याकडे सात आहेत," ती म्हणाली.

शुक्रवारी ती लॅपटॉप घेऊन गेली. दोन हजार तीनशे पानं. मॅडमने पहिली पाच पानं पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली. बादली, तिचा तुटलेला कान, नवा कान. अण्णांची छत्री, उघडी आणि मिटलेली. दाराची कडी, आतून आणि बाहेरून. मग सोफ्याचं पान आलं. अण्णांनी मान पुढे केली. शेवटच्या फोटोतला अडकलेला मुलगा बघून त्यांचे खांदे हलले, आणि ते हसू लागले. दीड महिन्यात पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी पडद्यावरच्या मुलावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "शनिवार!" मग आणखी हसले.

"तारीख बघा ना," आई डोळे पुसत म्हणाली. "खरंच शनिवार होता तो!"

तिघंही हसली. पण शब्द काही लगेच धावत आले नाहीत. आई रोज संध्याकाळी पाचला पानं उघडून बसे, अण्णा बघत, ओठ हलवत. कधी 'छ' येई, 'छत्री' येत नसे. असे तीन आठवडे गेले.

मग एका संध्याकाळी काय झालं, घरातला नळ पुन्हा गळला. चौथ्यांदा. तिने अंगच्या सवयीने, विचार न करता, फोटो काढला. कितीतरी दिवसांनी पहिला. अण्णांच्या शेजारी बसूनच पान केलं आणि घाईघाईत खाली लिहिलं: 'नळाचं पाणि थांबेना.'

अण्णांचं बोट टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा.

"काय झालं, अण्णा? चहा?"

अण्णांनी मान जोरजोराने हलवली. चेहरा लाल झाला. बोट पडद्याकडे. "दु..." ओठ गोल झाले. "दु... दुस..." आणि मग, छापखान्यात शोभेल अशा खणखणीत आवाजात, "दुसरी!"

आईला क्षणभर कळलं नाही. मग 'पाणि' दिसलं, आणि ती उठून थेट स्वयंपाकघरात गेली, ओट्याला धरून उभी राहिली. बाहेरून पुन्हा ऐकू आलं, "दुसरी! दुसरी!" माणूस आता थांबायला तयार नव्हता. परत येऊन तिने त्यांच्या देखत वेलांटी बदलली तेव्हा कुठे ते मागे टेकले.

दुसऱ्या दिवसापासून आईचं शुद्धलेखन भलतंच बिघडलं. 'किल्लि' काय, 'खुर्चि' काय, 'पीशवी' काय! लेक मागे उभी राहून वाचत होती. "आई, तुला काय झालंय? पाचवीतली मुलंसुद्धा..." आईने तिला कोपराने असं ढोसलं की ती गप्पच झाली. अण्णा मात्र कामाला लागले होते. पेन्सिल परत हातात आली. "दुसरी." "पहिली." "उकार... दुसरा." वेलांट्यांच्या मागून शब्दही येऊ लागले, कारण कशाची वेलांटी चुकली ते सांगायचं तर तो शब्द म्हणावाच लागतो. "किल्ली. दुसरी." "खुर्ची. ची!" मॅडमला हे कळलं तेव्हा तिने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं."

महिनाभर हे चाललं. मग आईचा उत्साह जरा जास्तच झाला. एका ओळीत तिने चार चुका केल्या, त्यात 'चशमा' लिहिलं. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. चष्म्याच्या वरून सुनेकडे बराच वेळ पाहिलं.

"मुद्दाम?" ते म्हणाले.

आईची बोटं थबकली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "हो, अण्णा."

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. गालाचा एक कोपरा अजून नीट हलत नव्हता, दुसरा हलला. "कर," ते म्हणाले. "पण... कमी."

हळूहळू दोन शब्दांचे तीन झाले, तिनांची वाक्यं. काही शब्द आलेच नाहीत. फ्रिजला ते शेवटपर्यंत 'गार कपाट' म्हणत राहिले, आणि मग घरातलेही तसंच म्हणू लागले. एकदा पानं मागे-पुढे करताना अण्णा थांबले. एका पानावर एप्रिलची चार तारीख, पुढच्यावर थेट जूनची बारा.

"मधलं?" त्यांनी विचारलं.

"मधलं नाही काढलं," आई म्हणाली. "हातच धजला नाही."

अण्णांनी पेन्सिलीने टेबलावर टकटक केली. "पान काढ. रिकामं. मी... सांगतो."

फोटो नसलेलं तिचं हे पहिलंच पान. अण्णा सांगत गेले, अडखळत, मधेच चिडत, आणि आई लिहीत गेली. भिंत फार जवळ होती. सगळे हळू बोलत होते, मी बहिरा नव्हतो. चिमणीने पायाची नखं कापली. मला माझं नाव आठवत होतं पण ते म्हणता येत नव्हतं. सून रोज दाढी करून द्यायची, तिचा हात हलका. इथे आईने टाइप करणं थांबवलं. "हे नको, अण्णा."

"लिही," अण्णा म्हणाले. "आणि 'हलका'... नीट लिही."

त्या पानाची प्रत आईने मॅडमला दिली आणि मॅडमने थेट दवाखान्यातच आईची नेमणूक केली. म्हणजे पगार-बिगार काही नाही. गुरुवारी दुपारी चार ते पाच, त्याच गोल टेबलाशी. ज्यांच्या घरात कुणाचे शब्द गेलेत अशा लोकांना पानं करायला शिकवायची. पहिल्या गुरुवारी सहाजण आले. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फुलं आणि सूर्यास्त.

"हे छान आहेत, हे ठेवा बाजूला," आई म्हणाली. "आता सांगा, घरात रोज हाताला काय लागतं? वॉशिंग मशीन काढा. वाकडा चमचा काढा. जिन्यातला तो हलणारा कठडा काढा. आणि प्रत्येकाला तारीख घाला."

एक पोस्टमन होता, निवृत्तीला आलेला. त्याची बायको पाच महिने बोलत नव्हती. तो मोबाइल उलटसुलट करत म्हणाला, "ताई, मला नाही सुचत. आमच्या घरात बघण्यासारखं काही नाहीच."

"तुमची मंडळी तुमच्यावर सगळ्यात जास्त कशावरून चिडायच्या?"

पोस्टमन जरा लाजला. "ओला टॉवेल. मी पलंगावर टाकतो."

"मग आज घरी जा आणि टाका पलंगावर," आई म्हणाली. "चांगला ओला टाका. आणि फोटो काढा."

पुढच्या गुरुवारी तो साडेतीनलाच येऊन खोलीच्या दाराशी थांबला होता. आई येताना दिसली तशी त्याने मोबाइल पुढे धरला. फोटोत पलंग, पलंगावर निळा टॉवेल, आणि चौकटीच्या कडेला टॉवेलकडे रोखलेला एक हात, बांगडीसकट.

"ताई," तो म्हणाला, "दोन शब्द बोलली. पण तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत."

"मला नका सांगू," आई म्हणाली आणि टेबलाशी बसून तिने लॅपटॉप उघडला. "पानावर लिहा. वेळ किती वाजताची?"