आत राहून भांडणारे भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान, आयुष्यात कुठूनही आपणहून बाहेर पडलेले नाहीत. एकदा आत शिरले की शिरले. सिनेमा कितीही रटाळ असो, झाडूवाला येईपर्यंत ते खुर्चीत असत. अमेरिकेत पिस्कॅटवेला राहायला आल्या आल्या, जेवणाचा वास आला म्हणून ते एका चर्चमध्ये डोकावले आणि चुकून तिथल्या गायनमंडळात दाखल झाले. सुराशी ओळख नसतानाही पुढे कित्येक वर्षं ते दर रविवारी मागच्या रांगेत उभे राहून ओठ हलवत. बहीण वैतागून म्हणायची, "अहो, सोडा ना आता!" त्यावर ते शांतपणे म्हणत, "मी गेलो तर रांग वाकडी दिसेल." नोकरी बदलली तेव्हासुद्धा त्यांनी एकाच गाडीतून ऑफिसला जायचं आमचं कारपूल सोडलं नाही. नवं ऑफिस उलट्या दिशेला होतं. ते आमच्याबरोबर जुन्या ऑफिसपर्यंत येत, तिथून बस पकडून परत फिरत आणि रोज उशिरा पोचत. नव्या साहेबाला ते ट्रॅफिकचं कारण सांगत.

कारपूलमध्ये आम्ही तिघंच होतो. गाडी मेश्रामांची, शेजारी भाऊजी आणि मागे मी. मेश्राम नागपूरचे, इंजिनिअर, मोजकं बोलणारे. भाऊजी बोलत आणि मेश्राम ऐकत, एवढ्या भक्कम पायावर त्यांची मैत्री उभी होती.

त्यात सरकारने जाहीर केलं की, शिक्षण आणि संस्कृतीसाठी जगातल्या देशांनी मिळून जी संघटना काढली आहे, तिच्यातून अमेरिका वर्षभराने बाहेर पडणार. कारण काय, तर तिथे पैसा उधळला जातो आणि वर आपल्यालाच शिव्या मिळतात. भाऊजींनी नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली होती. नव्या सुनेसारखं ते या घरातलं सगळंच मनावर घेत. त्या सकाळी गाडीत बसताच ते म्हणाले, "आपण असं उठून जाणं बरोबर नाही. आत राहून भांडायला हवं."

मेश्राम म्हणाले, "जिथं मान नाही, तिथं बसायचं कशाला यार? डिसिजन करेक्ट आहे."

"उद्या सगळेच उठले तर?"

"उठू द्या ना. तुम्ही नाही का भारताचं नागरिकत्व सोडलं?"

"मी सोडलं नाही," भाऊजी दुखावून म्हणाले. "मी इकडचं घेतलं. तिकडचं त्यांनी काढून घेतलं."

मेश्राम हसले. तेच महागात पडलं. दुसऱ्या दिवशी भाऊजी मागच्या सीटवर जाऊन बसले आणि मला पुढे धाडलं. कारपूल सोडण्याचा प्रश्नच नव्हता, पण बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. "ह्यांना सांग, काच वर घ्या म्हणावं." "त्यांना विचार, किती वर?" दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं आणि दोघांनाही स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी इमानाने प्रत्येक वाक्य पोचवत होतो. घरी बहीण म्हणायची, "देश बाहेर पडायचा तेव्हा पडेल, माझ्या घरात मात्र सुतक आत्ताच सुरू झालंय."

हिवाळ्यात एका संध्याकाळी परतताना बर्फामुळे हायवे ठप्प झाला. गाडी जागची हलेना. वायपर एकसारखे फिरत होते. मग मेश्राम समोर बघतच म्हणाले, "मी लहान होतो. आमच्या वडिलांनी आम्हा सगळ्यांना मैदानावर नेलं आणि जुना धर्म सोडला. गावची बडी मंडळी म्हणत होती, घाई करू नका, आत राहून भांडा, हळूहळू सुधारणा होतील. वडील म्हणाले, जे विहिरीला हात लावू देत नाहीत, त्यांच्याशी आत बसून काय भांडू? त्या दिवशी ते उठले म्हणून मी शिकलो, भाऊजी."

हे वाक्य पोचवायला त्यांना माझी गरज पडली नाही.

भाऊजी मागच्या सीटवर पुढे सरकून बसले. मग मागून आवाज आला, "आमचे थोरले बंधू जेवताना कशावरून तरी चिडले आणि भरल्या ताटावरून उठून गेले. कशावरून, ते आता कुणाला आठवतसुद्धा नाही. आई रोज त्यांचं पान मांडायची. ती गेली तेव्हाही ते आले नाहीत. रोज भांडले असते तरी चाललं असतं हो. घरात असते."

मेश्रामांनी मान हलवली. पुढची गाडी सरकली, आम्हीही सरकलो. दोघांपैकी कुणाचंही मत तसूभर बदललं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी पुढचं दार उघडून मेश्रामांशेजारी बसले आणि हीटरबद्दलची तक्रार थेट त्यांच्याकडेच केली. ठरल्याप्रमाणे वर्ष संपताना देश बाहेर पडला. त्या दिवशी गाडीत दोघं तासभर वांग्याच्या भरिताविषयी बोलत होते.

पुढे मेश्राम टेक्ससला गेले आणि कारपूल आपोआप संपलं. मग बऱ्याच वर्षांनी बातमी आली की, अमेरिका त्या संघटनेत परत गेली. मी भाऊजींना फोन केला. आता ते तासभर विजयाचं भाषण करणार म्हणून खुर्ची ओढून बसलो.

"बरं झालं," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मेश्रामांचे वडील परत गेले नाहीत, ते बरोबरच केलं त्यांनी."

"आणि तुमचे थोरले बंधू?"

"हॅलो? हॅलो?" मी दोनदा म्हणालो. मला वाटलं, लाइन कट झाली.

"अरे, आहे मी," भाऊजी म्हणाले.