खंडेनवमीचं कुंकू

नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — तुम्ही पहिलेच. आणि गंमत बघा, सांगायला बसले तरी आधी आठवतो तो आनंदच! अजून छाती धडधडते.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. तिथे नवाकोरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला होता, माणसाहून उंच. नमुना एका लांब दांडीच्या टोकाला बसवायचा, हातमोजे घालून. दांडी अर्धी आत सरकवली की लाल दिवा लागतो. तिथली हवा उपसून झाली की तो विझतो. मगच दांडी फिरवून पूर्ण आत घालायची. एवढंच तर शिकवलं होतं. मला पाठ होतं — मग?

खंडेनवमी होती. आमच्या मदतनीस शकुंतलाबाईंनी मंडईतून झेंडू आणून सगळ्या यंत्रांची पूजा केली, आम्हा बायकांना कुंकू लावलं. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, ही तिथली रीत. सगळे पेढे खायला बाहेर गेले. माझे नमुने मात्र आदल्या दिवशीच तयार झाले होते. तुम्हाला राहवलं असतं? मला नाही राहवलं.

पहिला नमुना नीट घातला. आणि हिरव्या पडद्यावर रेघा उमटल्या — सोन्याच्या कणातल्या अणूंच्या ओळी, नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या! मी एकटीच हसत सुटले. हातमोजे काढून घामेजलेलं कपाळ हातानंच पुसलं, कुंकवासकट. दुसरा नमुना लगेच बघायचा होता. हातमोजे — कसले हातमोजे! लाल दिवा दिसत होता मला. दिसत होता. तरी फिरवली दांडी.

फस्स आवाज झाला. पडदा काळा पडला. आत हवा घुसून इलेक्ट्रॉन सोडणारी तापलेली तार जळाली होती. मी नमुना काढून घेतला, यंत्र बंद केलं आणि बाहेर जाऊन पेढा खाल्ला.

दसऱ्यानंतर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना दांडीच्या तोंडाशी कुंकू सापडलं. तेच दांडी हवाबंद बसवणाऱ्या रबरी कडीत अडकून हवा शिरली, असं ठरलं. "बाई, यंत्राची ओटीही भरलीत का आपण?" सरांनी शकुंतलाबाईंना विचारलं. सगळे हसले.

शकुंतलाबाई म्हणाल्या, कुंकू त्यांनी फक्त टेबलाच्या पायाला लावलं होतं. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही होतात ना तिथं? बघितलंत ना?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

पूजा बंद झाली. बाईंना भांडारात धाडलं, बाटल्या पुसायला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "माझ्याच हातून सांडलं असेल हो. तुमचं काम रखडलं, ताई." मी त्यांना नमस्कार केला.

आता त्याच यंत्रावर मी मुलांना शिकवते. घाई करू नका, स्वच्छता पाळा, हे त्यांच्या डोक्यात बसावं म्हणून दरवर्षी कुंकवाची गोष्ट सांगते — बाईंच्या नावासकट. मुलं हसतात.

काल नवी तुकडी आली. पडद्यावर रेघा उमटल्या तशी एक मुलगी आनंदानं उडालीच, आणि माझीही छाती तशीच धडधडली. तिनं लगेच दुसऱ्या नमुन्याला हात घातला. मी तिला थांबवलं आणि ती गोष्ट सांगितली.

शकुंतलाबाईंचं नाव घेऊनच.