देणाऱ्या साहेबांचा बुधवार

"जीबीएस आहे," डॉक्टर म्हणाले. दोन दिवस मी चिठ्ठ्या घेऊन मेडिकलला पळत होते. मला वाटलं, हेही आणायचंच काहीतरी असेल. मी पर्स उघडली अन् विचारलं, "किती आणू?"

डॉक्टर भले माणूस. हसले नाहीत. स्टूल ओढून बसले अन् समजावून सांगितलं. गुलेन बॅरे सिंड्रोम. आपल्या अंगातली जी शक्ती रोगाशी लढते, तीच बिथरते अन् आपल्याच नसांवर तुटून पडते. नसांवरचं आवरण खराब होतं, मग मेंदूचा निरोप हातापायापर्यंत पोचत नाही. खाटेवरून आमचे हे खोल आवाजात म्हणाले, "म्हंजे वायरचं इन्सुलेशन गेलं." डॉक्टर म्हणाले, बराबर.

आमचे हे वीज कंपनीत लाईनमन. जाफराबाद तालुक्यात आमचं गाव, गावात लहानथोर सगळे त्यांना वायरमन म्हणतात. मी अंगणवाडी सेविका. वीस वर्षांत ह्या माणसानं कधी सुट्टी काढली नाही, अन् कधी कुणाला दुखतंय म्हणून सांगितलं नाही. आमच्या सासऱ्यांची शिकवण होती, दुखणं चारचौघांत मांडायचं नाही. कुणी कसं काय विचारलं की म्हणायचं, बरं हाय.

आधी चार दिवस जुलाब झाले. ते थांबले अन् आठवड्यानं तळपायाला मुंग्या यायला लागल्या. हे म्हणाले, नव्या बुटानं होत असेल. मग एका सकाळी खांबावर दोन हात चढले अन् पुढचा पाय वर येईना. पाव तास तसेच खांबाला मिठी मारून उभे होते, हे मला पुढं महिन्यानं कळलं. त्या दिवशी घरी येऊन मला काय म्हणाले? बरं हाय. तिसऱ्या दिवशी हातातून चहाचा कप पडला, तेव्हा मी जीप बोलावली. जीपमध्ये मान धरवत नव्हती, तरी ड्रायव्हरनं विचारलं तर उत्तर तेच.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढतात. एनसीव्ही, म्हणजे नसांतून करंट किती जल्दी जातो ते मोजतात. मग पाच दिवस आयव्हीआयजीची इंजेक्शनं. बिथरलेल्या शक्तीला शांत करायचं ते औषध.

ह्या आजारात श्वासाचे स्नायू बसायची भीती असते. म्हणून डॉक्टर रोज त्यांना एका दमात आकडे मोजायला लावायचे. पहिल्या दिवशी सतरापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी आठ. मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून फक्त तो आकडा विचारायचे. चौथ्या दिवशी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "नऊ." नऊला मी एवढी रडले की शेजारचे लोक उठून आले, त्यांना वाटलं माणूस गेला.

ज्यांच्या घरात हे दुखणं येईल त्यांना सांगते, माणूस उठतो. मोठी धीराची गोष्ट आहे, पण बहुतेक उठतात. आमचेही उठले. आधी मान, मग हात, मग उजवा पाय. डावा पाय मात्र अडून बसला. फूट ड्रॉप म्हणतात त्याला. पंजा वर उचलत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. तळव्याला समज नाही. चप्पल कधी निघून पडली ते कळत नाही. जालन्याच्या फिजिओवाल्या मॅडमनी प्लास्टिकची पट्टी दिली, पोटरीपासून तळव्यापर्यंत बांधायची. अन् गुडघा उंच उचलून चालायला शिकवलं, म्हणजे बोटं घासत नाहीत. रोज अंगणात पन्नास फेऱ्या. हे शाळेतल्या हुशार पोरासारखे मॅडमची शाबासकी घेऊन यायचे.

सहा महिने झाल्यावर ऑफिसातून निरोप आला. कामावर या. आता समजून घ्या, खांबावर चढणारा माणूस डोळ्यांनी वर बघतो अन् पायानं खाली चाचपतो. ज्याच्या तळव्याला समज नाही तो चढला तर एक दिवस खाली येणारच. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, यांना टेबलावरचं काम द्या, तक्रारीचे फोन घेतील. साहेब म्हणाले, देतो ना, पण दिव्यांग प्रमाणपत्र आणा, चाळीस टक्क्यांच्या वर. त्याच्या खाली माझे हात बांधलेले. तीन महिन्यांत आणा, नाहीतर लाईनवरच हजर व्हावं लागेल.

म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव आता चाळीस ह्या आकड्यावर आला.

प्रमाणपत्र देणारं बोर्ड बुधवारी बसतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या कुणाशी माझं वैर नाही. आम्ही सकाळी सातला जाऊन बसलो. शेजारी हसनाबादच्या एक मावशी होत्या, लेकाचा हात लहानपणापासून वाळलेला, त्यांची चौथी खेप. मावशींनी बसल्या बसल्या विचारलं, "आज कोण हायेत, देणारे का कापणारे?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तपासणारे डॉक्टर साहेब दोन आहेत, आलटून पालटून बसतात. एक देणारे. त्यांच्यापुढं गेलेला माणूस रिकामा येत नाही. दुसरे कापणारे. त्यांनी मावशींच्या लेकाच्या जुन्या कागदावरच्या पन्नासाचे अडतीस केले, हात तोच असून. म्हणून लोक काय करतात, दारात कापणारे साहेब दिसले की शिपायानं नाव पुकारलं तरी उठतच नाहीत. गेटाजवळ चहाला जातात. पुढची तारीख घेतात.

त्या दिवशी कापणारेच होते. अर्धी रांग चहाला गेली. मी म्हणाले, चला, आपणही उठू. हे म्हणाले, "नंबर आलाय तं जायला नको का? साहेबाचा अपमान व्हतो."

अन् ह्या माणसाची तयारी बघा. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. पट्टी काढून माझ्या पिशवीत टाकली, का तर साहेबापुढं असं बांधून कसं जायचं. माझंही डोकं चाललं नाही. आमच्याकडं डॉक्टरकडं जायचं म्हणजे माणूस नीटनेटका होऊनच जातो. मीच तर शर्टाला इस्त्री केली होती!

कापणाऱ्या साहेबांनी दहा मिनिटं तपासलं, हे खरं सांगितलं पाहिजे. पाय हातात घेतला, हातोडी मारली, टाचणी टोचली, टेपनं पोटऱ्या मोजल्या. मग विचारलं, कसे आहात?

"बरं हाय साहेब, तुमच्या कृपेनं."

जिना चढता? चढतो साहेब. कठडा धरून, हातानं गुडघा उचलून चढतो हे कोण सांगणार? मी बोलायला गेले तर साहेब म्हणाले, त्यांना बोलू द्या. चालून दाखवा म्हटल्यावर ह्यांनी गुडघा उंच उचलून असा काही मार्च केला, की झेंडावंदनाला पोरं काय करतील! दाराशी येऊन माझ्याकडं बघून मान हलवली. पास झालो म्हणून.

चौतीस टक्के.

परतीच्या गाडीत मी बोललेच नाही. जाफराबाद आल्यावर बोलले ते सगळ्या स्टँडनं ऐकलं. मी म्हणाले, तुम्हाला काय तिथं बक्षीस मिळणार होतं? सहा महिने माझ्या खांद्यावर हात टाकून संडासाला जाणारा माणूस, त्याला साहेब दिसला की बरं हाय! हे खाली बघत म्हणाले, साहेबानं तपासलं चांगलं पण. मी कपाळाला हात लावला.

फेरतपासणीचा अर्ज केला, तारीख मिळाली. त्या दिवशी परत कापणारे. ह्या खेपेला मी यांना घेऊन थेट चहाच्या टपरीवर गेले. शिपाई नाव पुकारत होता ते तिथपर्यंत ऐकू येत होतं. दोनदा पुकारलं. दोन्ही वेळा हे उठायला लागले अन् दोन्ही वेळा मी शर्टाला धरून खाली बसवलं. वीस वर्षं हाकेला धावून जाणारा माणूस, रातबेरात कुणाची लाईट गेली की जेवणावरून उठणारा, तो आपलं नाव ऐकून चोरासारखा मान घालून बसला. मला फार वाईट वाटलं. राग कुणावर काढायचा तेही कळेना. तीन महिन्यांतला दीड महिना तर असाच गेला होता.

टपरीवाल्याचा नंबर मी घेऊन ठेवला. त्याला सकाळी फोन केला की तो सांगायचा कोण आलंय. त्याच्याकडं फोन करणारी मी एकटी नव्हतेच.

घरी मी यांना शिकवायला बसले. मी म्हणाले, तिथं जरा पाय ओढत चाला. हे भडकले. "खोटं चालनार न्हाई मी."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अन् 'बरं हाय' म्हंता ते काय खरं हाय का? ते बी खोटंच हाय."

ते उठले अन् अंगणात फेऱ्या मारायला गेले.

मग मी एक काम केलं. अंगणवाडीत आम्हाला सगळं लिहून ठेवायची सवय. एक रजिस्टर केलं अन् महिनाभर रोज लिहिलं. सोमवार, ओसरीच्या पायरीला बोटं अडकून पडले. मंगळवार, चप्पल गल्लीत निघाली, घरी आल्यावर कळलं. शुक्रवार, तळव्यात काच गेली, फरशीवर रक्त दिसलं तेव्हा समजलं. पहिले आठ दिवस मी लिहीत होते. नंतर ते स्वतःच सांगायला लागले, हे लिही. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं पहिल्यांदा मला सांगितलं की कुठं दुखतं. ते रजिस्टर मी डोक्याला लावते.

पुढच्या बुधवारी टपरीवाला म्हणाला, या जल्दी, देणारे आहेत.

आम्ही तयारीनिशी गेलो. पट्टी बांधलेली, चपला घातलेल्या, रजिस्टर माझ्या हातात, एनसीव्हीचा कागद त्यांच्या हातात. खोलीत गेलो. साहेबांनी फाईल उघडली, आजाराचं नाव वाचलं. हे पँट वर सारायला लागले.

"राहू द्या, राहू द्या," साहेब म्हणाले.

मी रजिस्टर पुढं केलं. ठेवा, ठेवा, म्हणाले. उघडलं नाही. सही केली, शिक्का मारला. दोन मिनिटंही झाली नसतील. पंचेचाळीस टक्के, तात्पुरतं, दोन वर्षांसाठी.

बाहेर आल्यावर मला हसावं का रडावं ते कळेना. जीव वाचला होता. खांब सुटला होता. त्या साहेबांना हात जोडले ते मनापासून जोडले, आजही जोडते. पण हे बाकड्यावर बसून पँटची वर सारलेली घडी खाली करत होते, अन् चेहरा पडलेला.

म्हणाले, "त्या कापनाऱ्या साहेबानं निदान पाय हातात घेतल्ता." अन् परत म्हणाले, "ह्या पंचेचाळीसात माझ्या पायाचे किती, अन् बुधवारचे किती?"

आमच्या अंगणवाडीत वजनकाटा आहे. मी लावला, मदतनीसनं लावला, सुपरवायझर मॅडमनी येऊन लावला तरी लेकराचं वजन तेवढंच भरतं. नाही भरलं तर आम्ही काटा दुरुस्तीला पाठवतो. इथं कापणाऱ्यानं तपासलं पण खोदून विचारलं नाही, देणाऱ्यानं दिलं पण बघितलं नाही. अन् मधल्यामध्ये माणसं चहाच्या टपरीवर आपलं नाव ऐकून लपून बसतात.

मावशींच्या लेकाला अजून नवं प्रमाणपत्र मिळालेलं नाही. परवा त्यांचा फोन आला, ह्या बुधवारी कोण हाय गं बाई? मी चिडून बोलणार होते, की हे विचारायलाच नको, लेकाचा हात काय वाराप्रमाणे बदलतो का. पण टपरीवाल्याला फोन लावला अन् त्यांना सांगितलं, देणारे हायेत मावशी, या.

तुमच्यावर ही पाळी आली तर माझं ऐका. इस्त्री करू नका असं म्हणत नाही. पण जे रोज होतं ते लिहून न्या, अन् साहेब कोणताही असो, न विचारता सांगा. फिजिओवाल्या मॅडमचे, त्या नऊ आकडा सांगणाऱ्या सिस्टरचे उपकार आम्ही विसरणार नाही. आमचे हे आता ऑफिसात तक्रारीचे फोन घेतात. दोन वर्षांनी परत बुधवार आहे, म्हणून रजिस्टर बंद केलेलं नाही.

काल हे ओसरीवर बसले होते. रस्त्यानं जाणाऱ्या पाटलांनी हाक मारली, काय वायरमन, कसं काय? ह्यांच्या तोंडात 'बरं' आलंच होतं. माझ्याकडं बघितलं, अन् मग म्हणाले, "डावा पाय उचलत न्हाई, पाटील. अन् खालचं काईच कळत न्हाई."

पाटील जायला निघाले होते, ते थांबले. पायरीवर येऊन बसले अन् म्हणाले, "दाखवा बरं." ह्यांनी पँट वर सारली.