आईची पाचवी ओवी

माझं काम लाल पेन्सिलीचं होतं. रेडिओ केंद्रात गाणाऱ्यांनी आपली गाणी आठ दिवस आधी तीन प्रतींत द्यायची, मी ती वाचून खटकणाऱ्या शब्दांखाली रेघ मारायची, काय ठेवायचं ते साहेबांनी ठरवायचं आणि शिक्का बसलेला कागदच स्टुडिओत जायचा. दारूचं कौतुक, पुढाऱ्याचं नाव, जातीवरून टोमणा, असलं काही दिसलं की रेघ. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तशी ही यादी लांबत गेली. डिलाईल रोडच्या चाळीतली मुलगी मॅट्रिक होऊन पंख्याखाली खुर्चीत बसलेली, त्यामुळे मला त्या पेन्सिलीची बऱ्यापैकी घमेंड होती.

माझा धाकटा भाऊ गिरणीत बदली कामगार होता. फोर्टातल्या मोर्च्यात गोळी लागून तो गेला. वडील आधीच गेले होते, म्हणजे घरात आई आणि मी दोघीच उरलो. आई बोलेनाशी झाली. पहाटे खोलीच्या कोपऱ्यातल्या जात्यावर तांदूळ दळायला बसायची, तेवढाच तिचा आवाज कानावर पडायचा.

तिच्या ओव्या मोजून असायच्या. पहिली गावच्या देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी माहेरच्या माणसांना, चौथी लेकीला. पाचवी लेकाची. भाऊ गेल्यावर तिने ती पाचवी नव्याने बांधली होती. सहावी तुळशीला.

बायकांच्या कार्यक्रमाला जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या, तेव्हा मीच आईचं नाव सुचवलं. चार माणसांत आली तर जरा सावरेल असं वाटलं. तिने लगेच होकार दिला, याचं मला नवल वाटलं. "गावाक आयकतले ना?" एवढंच तिने विचारलं. आपल्या मुलाची ओवी कोकणातल्या घरापर्यंत जावी, यासाठी ती येणार होती.

तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली, मी उतरवत गेले. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून तोच कागद तपासायला घेतला. पाचवीत पोलीस होते, गोळी होती. माझ्याच सख्ख्या भावाची ओवी मी साहेबांपुढे कशी ठेवू? त्यांनी विचारलं असतं, हा तुमचा कोण? नोकरी जाईल, अशी भीती वाटली. मी रेघ मारली नाही. ती ओवी सबंध खोडली आणि तिच्याशिवाय तीन नव्या प्रती काढल्या. जुना कागद फाडून टाकला. साहेबांनी न वाचताच सही केली.

आईला सांगितलं, "साहेबांनी पाचवी काढली. सहावीलाच पाचवी म्हण."



कार्यक्रम थेट जात होता. स्टुडिओत जातं नव्हतं. तिचा हात रिकामाच फिरत होता. चौथी ओवी तिने म्हटली, ती माझी. मग तोंड मिटलं. हात मात्र फिरत राहिला, एका ओवीला लागतो तेवढा वेळ. काचेपलीकडून निवेदिका खुणा करत होती. मग आईने "सहावी माझी ओवी" म्हणून पुढे सुरुवात केली. चाळीतल्या बायका शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती बसल्या होत्या. पाचवी कुठे गेली, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी घरी आले तेव्हा एकीनेही माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही.

त्यानंतर जात्यावरही चौथीनंतर तसाच नुसता हात फिरू लागला. मला वाटायचं, दुःखाने शब्द फुटत नसेल. विचारायची हिंमत झाली नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सकाळी चाळीत पेढे वाटले. मी आईजवळ बसले आणि म्हटलं, "आई, आता तरी ती ओवी म्हण गं."

"आता म्हटली तर चालात?" तिने विचारलं. "सरकारान काढलेली ना ती? मगे घरात तरी कशी म्हणू?"

म्हणजे इतकी वर्षं ती हुकूम पाळत होती. सरकारचाही नव्हे, माझा.  तरीही ती मीच खोडली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

तिने जात्याचा खुंटा धरला. "पाचवी माझी ओवी" इथवर आली आणि थांबली. पुन्हा ओवी धरली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, ओठ हलत राहिले, पण पुढचं काही येईना. मग ती माझ्याकडे वळली.

"तुका ठावक आसतली. तूच लिवलंस ना ती."

मी लिहिली होती. पण लिहिताना मी ऐकत नव्हते, काय खटकेल ते शोधत होते. भावाला तिने काय म्हटलं होतं, कुठल्या नावाने हाक मारली होती, काही म्हणजे काही मला आठवेना. आठवत होते फक्त दोन शब्द, पोलीस आणि गोळी. आई माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.